फ्रेंच-कॅनेडियन पूर्वज शोधायचेत? लग्नाच्या नोंदीपासून सुरुवात करा

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातलं एखादं साधं शेतकऱ्याचं घराणं घ्या. आज हयात असलेल्या माणसापासून निघून, मधली एकही पिढी न गाळता, सतराव्या शतकात फ्रान्सहून बोटीने आलेल्या मूळ जोडप्यापर्यंत बहुतेक वेळा पोहोचता येतं. सरदार-जहागीरदारांच्या घराण्यांबाबत हे समजण्यासारखं आहे. इथे मात्र सुतार, गवंडी, शिपाई, दुसऱ्याची जमीन कसणारे, अशा सगळ्यांच्या बाबतीत ते घडतं.

याचं श्रेय जुन्या दप्तराला. क्वेबेक शहर १६०८मध्ये वसलं, त्रुआ-रिव्हिएर १६३४मध्ये आणि मॉन्ट्रियल १६४२मध्ये. चर्चच्या नोंदवह्या १६२१पासूनच्या आहेत. १६४०च्या आगीत क्वेबेक शहरातल्या पहिल्या वह्या जळाल्या, तेव्हा त्यांतल्या नोंदी लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहून काढल्या गेल्या. १६७९पासून वह्या दोन प्रतींत ठेवायला लागले: एक प्रत चर्चमध्ये, दुसरी सरकारदरबारी. त्यामुळे एक चर्च जळलं तरी दुसरी प्रत बहुधा वाचली. १९९३ संपेपर्यंत क्वेबेकमध्ये चर्चची नोंद हीच जन्म, विवाह आणि मृत्यूची कायदेशीर नोंद मानली जायची. शिवाय फ्रेंच राजवटीत येऊन कायमचे राहिलेले लोक दहा हजारांच्या आसपासच. आजचे लक्षावधी फ्रेंच-कॅनेडियन त्याच थोड्या घरांचे वंशज आहेत, म्हणून दोन अनोळखी माणसांचे पूर्वज आठ-दहा पिढ्या मागे गेल्यावर एकाच अंगणात भेटतात.

माझ्या नातवंडांची अर्धी मुळं तिकडची आहेत, म्हणून मी या कामात शिरले. मॉन्ट्रियल, टोरांटो किंवा बोस्टनच्या बाजूला राहणाऱ्या ज्या मराठी घरांत फ्रेंच-कॅनेडियन सून किंवा जावई आहे, त्यांना हा लेख उपयोगी पडेल. फ्रेंच यायलाच हवी असं नाही. वीस-पंचवीस ठरावीक शब्द ओळखता आले की नोंदी वाचता येतात.

धागा धरायचा तो लग्नाचा

नवखा माणूस आडनाव घेऊन शोधायला बसतो आणि तिथेच अडतो. या समाजात आडनाव बदलतं, दुहेरी होतं, गळून पडतं, सीमेपलीकडे गेलं की भाषांतरित होतं. पहिलं नाव त्याहून फसवं, कारण एका गावात त्याच नावाचे दहा-बारा जण असतात. जोडपं मात्र सहसा एकमेव असतं. नवऱ्याचं नाव आणि बायकोचं माहेरचं नाव एकत्र घेतलं की त्या जोडीची दुसरी जोडी मिळणं कठीण. म्हणून शोध माणसाचा न करता जोडप्याचा करायचा.

कॅथलिक विवाहाच्या नोंदीत वराचे आई-वडील आणि वधूचे आई-वडील अशा चौघांची नावं येतात, त्यातही आयांची माहेरची. म्हणजे एका लग्नाची नोंद सापडली की वरच्या पिढीतली दोन जोडपी हाती लागतात. त्या दोन जोडप्यांच्या लग्नाच्या नोंदी शोधायच्या, की चार मिळतात. सगळी शिडी अशीच चढायची. बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदी आधाराला घ्यायच्या, पाया लग्नाचाच ठेवायचा.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. विधुर किंवा विधवेचं दुसरं लग्न असेल, तर फादर बहुधा आई-वडिलांची नावं लिहीत नाहीत, फक्त आधीच्या जोडीदाराचं नाव लिहितात. अशा वेळी ते आधीचं लग्न शोधायचं, आई-वडील तिथे मिळतात.

पहिली पायरी घरातच

वेबसाइट उघडण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आजी-आजोबांचं लग्न कुठल्या गावी, कुठल्या चर्चमध्ये, साधारण कोणत्या साली झालं, एवढं विचारा. फ्रेंच-कॅनेडियन घरांत बायबलमध्ये किंवा प्रार्थनेच्या पुस्तकात मृतांच्या स्मरणार्थ छापलेली छोटी कार्डं जपून ठेवलेली असतात. त्यांवर फोटो, मृत्यूची तारीख, वय आणि पुष्कळदा जोडीदाराचं नाव असतं. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत मुलं, जावई, भावंडं आणि त्यांची गावं दिलेली असतात. एवढ्यावरून एक पक्कं लग्न ठरवता आलं की कामाला लागायचं.

फुकट सुरुवात करायची तर फॅमिलीसर्चवर खातं उघडा. क्वेबेकच्या कॅथलिक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतला परिसर म्हणजे पॅरिश) नोंदवह्यांच्या प्रतिमा तिथे १६२१पासून पाहता येतात. पैसे भरून वापरायचं असेल तर मॉन्ट्रियलच्या द्रुएँ संस्थेची वेबसाइट चांगली आहे. ही संस्था १८९९मध्ये सुरू झाली आणि गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिने प्रांतभरच्या वह्यांची मायक्रोफिल्म करून घेतली. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६मध्ये सुरू झालेला ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचा प्रकल्प मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. फ्रेंच राजवटीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नोंदी तिथे माणसामाणसाशी आणि घराघराशी जुळवून ठेवल्या आहेत. फादर सिप्रियें तांगे यांचा सात खंडांचा वंशकोश (१८७१ ते १८९०) आजही लोक उघडतात. वाट दाखवायला तो छान आहे, पण त्यात चुका आहेत. नोंदीची मूळ प्रतिमा पाहिल्याशिवाय त्यातलं काही पक्कं धरू नका. इंटरनेटवर लोकांनी टाकलेल्या वंशवृक्षांनाही हाच नियम लावायचा.

लग्नाची नोंद कशी वाचायची

नोंदीच्या डाव्या समासात दोन आडनावं असतात. मजकुराची सुरुवात तारखेने, आणि तारीख बहुधा अक्षरी लिहिलेली. त्यानंतर सांगितलेलं असतं की तीन रविवारी मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी या लग्नाची जाहीर घोषणा झाली, किंवा एक-दोन घोषणांची सूट दिली गेली. मग वराचं नाव, तो सज्ञान की अज्ञान, बापाचं नाव, आईचं नाव, पॅरिश. मग ‘दुसऱ्या बाजूने’ म्हणून वधूचं तेच सगळं. शेवटी साक्षीदार, त्यांचं वधूवरांशी नातं आणि सह्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी तसं सांगितल्याचं एक वाक्य असतं, आणि ते फार वेळा भेटतं.

बापाच्या नावाआधी एफ-ई-यू ही तीन अक्षरं दिसली तर तो लग्नाच्या वेळी हयात नव्हता. स्त्री असेल तर पुढे आणखी एक ई. हे चिमुकलं विशेषण सोडून देऊ नका. त्यावरून मृत्यूची नोंद कोणत्या सालाआधी शोधायची ते कळतं. सज्ञान-अज्ञान हा तपशीलही कामाचा आहे. १७८२पर्यंत सज्ञान होण्याचं वय पंचवीस होतं, पुढे ते एकवीस झालं. म्हणजे १७५०च्या नोंदीतला ‘अज्ञान’ वर चोवीस वर्षांचा असू शकतो.

महिन्यांची एक खोच आहे. फादर घाईत असले की सप्टेंबर लिहिताना ७चा आकडा काढून त्याला बी-आर-ई जोडायचे. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि एक्स किंवा १० म्हणजे डिसेंबर. रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, त्यामुळे सप्टेंबर सातवा येतो. अशी नोंद पाहून कुणी जुलै लिहून ठेवला असेल तर सगळा हिशोब दोन महिन्यांनी चुकतो.

तारखेचा अंदाज बांधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नसत. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबरमध्ये लग्नांची गर्दी दिसते. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये व्हायचं. वराच्या गावी नोंद मिळाली नाही तर आधी वधूचं गाव पाहा.

बाप्तिस्म्याची नावं

एकोणिसाव्या शतकातल्या वह्या उघडल्या की पानभर मुलगे जोसेफ आणि पानभर मुली मारी दिसतात. संत जोसेफ आणि मारियामाता यांच्या नावाने हे पहिलं नाव दिलं जायचं, त्याने कुणी मुलाला हाक मारत नसे. दुसरं नाव पुष्कळदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं. हाक मारायचं नाव बहुधा त्यापुढे, शेवटी. कॅनडाचे माजी पंतप्रधान पिएर त्रुदो यांचं पूर्ण नाव जोसेफ फिलीप पिएर इव्ह एलियट त्रुदो असं होतं. नोंदीत फक्त पिएर शोधणाऱ्याला ते सहज निसटले असते.

एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली तर गोंधळू नका. पहिलं बाळ दगावलं की तेच नाव पुढच्याला द्यायची रीत होती. दफनाच्या वहीत पहिल्याची नोंद बहुतेक सापडतेच. बाळ फार अशक्त असेल तर सुईण किंवा घरातलंच कुणी त्याच्या डोक्यावर पाणी घालून तातडीचा बाप्तिस्मा द्यायचं, आणि तसा उल्लेख वहीत येतो. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या बाळाच्या जागी ‘निनावी’ असं लिहिलेलं असतं. अशा नोंदी ओळीने वाचताना मन जड होतं, पण त्या गाळू नका. त्या आईच्या आयुष्यात ते बाळ होतं.

धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावं आवर्जून उतरवून घ्या. बहुतेक वेळा ती काका, मामी, आजोबा, थोरली बहीण अशी जवळची माणसं असतात. दोन सारख्या नावांच्या जोडप्यांमधून आपलं कोणतं हे ठरवताना हीच नावं कामी येतात.

‘दि’ लावलेली आडनावं

आता मुख्य गाठ. जुन्या नोंदींत एका माणसाची दोन आडनावं दिसतात आणि मध्ये डी-आय-टी अशी तीन अक्षरं. उच्चार ‘दि’, अर्थ आपल्या ‘उर्फ’सारखा. बाईच्या नावात पुढे ई लागून ‘दित’ होतं.

ही उर्फ नावं कुठून आली? बरीचशी सैन्यातून. १६६५मध्ये कारिन्यां-सालिएर रेजिमेंटचे सुमारे बाराशे सैनिक इथे उतरले आणि त्यांतले चारेकशे कायमचे राहिले. फ्रेंच शिपायाला पलटणीत टोपणनाव मिळायचं: लाफ्लर म्हणजे फूल, लातुलीप म्हणजे ट्युलिप, सांसूसी म्हणजे निश्चिंत, जोलिकर म्हणजे गोड मनाचा, व्हादबाँकर म्हणजे आनंदाने चालणारा. ही नावं आज क्वेबेकच्या रस्त्यांवर आणि दुकानांवर दिसतात. काही उर्फ नावं फ्रान्समधल्या मूळ प्रांतावरून आली. आंजूचा तो लांजव्हें, पिकार्दीचा तो पिकार, सेंतोंजचा तो सेंतोंज. काही जमिनीच्या तुकड्यावरून, काही बापाच्या किंवा आजोबांच्या पहिल्या नावावरून.

अडचण पुढच्या पिढीत येते. एक मुलगा मूळ आडनाव चालू ठेवतो, दुसरा उर्फ नाव, तिसरा दोन्ही. फ्रान्सच्या पेर्श प्रांतातल्या तुरूव्हरहून आलेले रिव्हार बंधू याचं ठळक उदाहरण. निकोला रिव्हार उर्फ लाव्हीन्य आणि रोबेर रिव्हार उर्फ लोरांजे हे क्वेबेकमधल्या बातिस्कानला स्थायिक झाले. त्यांच्या वंशजांत आज रिव्हार आहेत, लाव्हीन्य आहेत, लोरांजे, लानुएत आणि द्युफ्रेनही आहेत. यांतल्या कुणाला आपण एकमेकांचे भाऊबंद आहोत याची कल्पनाही नसेल.

म्हणून एखादा पूर्वज अचानक ‘नाहीसा’ झाला, की तो त्याच बायकोबरोबर दुसऱ्या आडनावाने शोधायचा. बायकोचं नाव जागेवर असतं. भावंडांची लग्नंही पाहा. एका भावाच्या नोंदीत फक्त लाव्हीन्य असेल, दुसऱ्याच्या नोंदीत फादरनी दोन्ही नावं लिहिली असतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दि’ लावणं मागे पडत गेलं आणि ज्या घराने तेव्हा जे नाव धरलं तेच पुढे टिकलं.

आडनाव सपशेल फसवं असूनही लग्नाच्या धाग्याने कोडं सुटल्याचं उदाहरण अमेरिकन लेखक जॅक केरुआक यांच्या घराण्याचं आहे. त्यांचा मूळ पुरुष कॅनडात ल ब्री द केरुआक अशा नावाने वावरला, पण फ्रान्सच्या दप्तरात या नावाचा माणूस कित्येक वर्षं सापडत नव्हता. भक्कम आधार होता तो १७३२मध्ये क्वेबेकमधल्या काप-सेंत-इन्यासला लुईझ बर्निएशी झालेल्या लग्नाचा. अखेर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या युएलगुआ गावच्या नोटरीचा मुलगा, उर्बें-फ्रांस्वा ल बियाँ द केर्व्होआक, हाच तो असल्याचं पुढे आलं. खुद्द लेखकाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत, १९२२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल शहरात, नाव लिहिलंय जाँ लुई किरुआक.

बायकांची नावं

आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या माहेरच्या नावाचा कागदावरून पत्ता नाहीसा होतो, म्हणून आपण मनातल्या मनात तोच हिशोब धरतो. तो इथे सोडून द्यायचा. फ्रेंच-कॅनेडियन बाई चर्चच्या वहीत आणि नोटरीच्या कागदात मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने येते. बारा मुलांच्या बाप्तिस्म्याला बारा वेळा आईचं माहेरचं नाव लिहिलेलं असतं. त्यामुळे आईकडून आईकडे जाणारी वंशरेषाही तितकीच नीट काढता येते, आणि ती जरूर काढा. कॅनडाच्या आणि विशेषतः अमेरिकेच्या शिरगणतीत मात्र ती नवऱ्याच्या आडनावाने दिसू शकते.

आईची रेषा मागे नेली की पुष्कळदा एखादी ‘फिय द्यु रुआ’ भेटते. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने प्रवासखर्च देऊन सुमारे आठशे तरुणींना वसाहतीत लग्नासाठी पाठवलं, त्या या. त्याआधी, १६३४पासून, स्वतःहून किंवा धार्मिक संस्थांच्या मदतीने आलेल्या मुलींचा गट वेगळा धरला जातो. दोन्हींची सरमिसळ करू नका.

अमेरिकेत गेलेली घरं

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख लोक क्वेबेक सोडून अमेरिकेत गेले. बहुतेकांनी न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्या गाठल्या: लोवेल, फॉल रिव्हर, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन. तिथे आडनावांचं दोन तऱ्हांनी रूपांतर झालं. काहींनी सरळ भाषांतर केलं: रुआचे किंग झाले, लब्लांचे व्हाइट, बुआव्हेरचे ग्रीनवुड, लाजनेसचे यंग, कूर्तमांशचे चक्क शॉर्टस्लीव्ह. काहींची नावं इंग्रज कारकुनाने कानाला आली तशी लिहिली: बनुआचं बेनवे, तिबोचं टीबो, आर्शांबोचं शांबो. फ्रेंच स्पेलिंगमध्ये न उच्चारली जाणारी अक्षरं असतात. एबेर हे आडनाव एचने सुरू होतं आणि टीने संपतं, पण दोन्ही अक्षरं ऐकू येत नाहीत. म्हणून शोधताना नाव मोठ्याने उच्चारून पाहा आणि ऐकणारा ते किती तऱ्हांनी लिहील याची यादी करा.

अशा घराचा शोध गिरणीच्या गावातल्या फ्रेंच पॅरिशच्या वहीतून घ्यावा. नगरपालिकेच्या कागदावर यंग असलेलं जोडपं तिथे फ्रेंच धर्मगुरूच्या हातच्या नोंदीत लाजनेस म्हणून सापडतं.

नातं अडलं तर

कॅथलिक चर्चमध्ये जवळच्या नात्यात लग्न करायचं तर खास परवानगी लागायची, आणि ती नोंदीत पायरीसकट लिहिली जायची. दुसरी पायरी म्हणजे वधूवर सख्खी चुलत, मावस किंवा आते-मामे भावंडं. तिसरी म्हणजे त्यांच्या आजोबा-आजीपैकी कुणीतरी एकमेकांची सख्खी भावंडं. चौथी त्यापुढची. ‘तिसरी ते चौथी’ असं असेल तर समाईक पूर्वजापासून एकजण तीन पिढ्या खाली आहे आणि दुसरा चार. ही टीप दिसली तर तिच्याशी ताळा जमेपर्यंत वरच्या पिढ्या पक्क्या मानू नका.

दुसरा आधार नोटरीच्या दप्तराचा. साध्या शेतकऱ्यांमध्येही लग्नाआधी नोटरीपुढे करार करायची रीत होती. त्यात स्त्रीधन, आंदण, साक्षीला जमलेले नातेवाईक असं सगळं येतं. लग्नाची नोंद हरवली असेल तिथे हा करार तिची जागा घेतो. माणूस वारल्यावर घरातल्या वस्तूंची यादी व्हायची, तिच्यात लोखंडी कढईपासून गोठ्यातल्या गायीपर्यंत सगळं मांडलेलं असतं. रोबेर द्रुएँ आणि आन क्लूतिए यांचा जुलै १६३६चा करार हा कॅनडातल्या जपलेल्या करारांपैकी सर्वांत जुन्यांत गणला जातो. आनचे वडील झाकारी क्लूतिए यांना लिहिता येत नव्हतं, ते सहीच्या जागी कुऱ्हाड काढायचे. नोटरीचे पुष्कळसे कागद क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागाराच्या वेबसाइटवर विनामूल्य बघता येतात.

अकादिया आणि फ्रान्स

वंशरेषा अकादियात, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूला, शिरली तर वरची घडी मोडते. १७५५पासून इंग्रजांनी तिथल्या फ्रेंच लोकांना घरादारातून हाकलून देशोदेशी विखरून टाकलं, आणि त्या धामधुमीत बऱ्याच वह्या गेल्या. पोर-रुआयालच्या १७०२ ते १७५५च्या वह्या वाचल्या, त्या नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागारात पाहता येतात. ग्रां-प्रेच्या काही वह्या निर्वासितांनी सोबत नेल्या, त्या आज लुइझियानात बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे (एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश म्हणजे धर्मप्रांत) आहेत. फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या अकादियन कुटुंबांकडून १७६७मध्ये शपथेवर वंशावळी लिहून घेतल्या गेल्या. वह्या नाहीत तिथे या जबान्या मोलाच्या ठरतात.

मूळ जोडप्यापाशी पोहोचलात की त्यांच्या क्वेबेकमधल्या लग्नाच्या नोंदीत फ्रान्समधलं गाव, पॅरिश आणि धर्मप्रांत बहुधा मिळतो. तिथून त्या-त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराची वेबसाइट गाठायची. बहुतेक ठिकाणी वह्यांच्या प्रतिमा विनामूल्य आहेत. पेर्शमधल्या बऱ्याच गावांसाठी ऑर्न जिल्ह्याच्या वह्या पाहा. पूर्वज पॅरिसची असेल, आणि ‘फिय द्यु रुआ’पैकी पुष्कळजणी होत्या, तर मे १८७१मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडाच्या, वेळी नगरभवनाबरोबर शहराच्या जुन्या पॅरिश वह्या जळाल्या. तिथे नोटरीचे कागद हाच मार्ग उरतो. क्वेबेकमध्ये झालेला तिचा विवाह-करार आधी काढा, त्यात आई-वडिलांची नावं आणि पॅरिसमधल्या पॅरिशचं नाव असण्याचा चांगला संभव आहे.